आई-बाबांना मुंबईत जेवायला कुठे न्यायचं? एका मसालेवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरहून पवईला येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. फोनवर चार-साडेचार तारे बघून 'चांगलं इंडियन रेस्टॉरंट' म्हणून जिथे जिथे गेलात तिथे तीच लाल ग्रेव्ही, तेच पनीर, तोच बटर नान. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा चार दिवस येताहेत. आई शाकाहारी, उपास-तापास करणारी. बाबा मासे खातात, पण समुद्राचा ताजा मासा त्यांनी फारसा खाल्लेला नाही. त्यांना कुठे न्यावं, आणि मुळात मुंबईत चांगलं हॉटेल शोधायचं कसं?

मी हॉटेलवाला नाही आणि आचारीही नाही. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गेली सत्तावीस वर्षं मी हॉटेलांना मसाला, नारळ आणि कोकमाचं आगळ पुरवतो. त्यामुळे मी शिरतो तो मागच्या दाराने, जिथे कांदे सोलणारी पोरं बसलेली असतात आणि भांडी घासायची मोरी असते. कोण मसाला कुटून नेतो, कोण तयार पाकीट मागतो, कोणाला किती नारळ लागतात, धंदा बसला की कोण आधी कशात काटछाट करतो, हे सगळं माझ्या वहीत असतं. त्या वहीच्या भरवशावर लिहितोय.

आधी शोधातला घोळ. 'इंडियन रेस्टॉरंट' हा शब्द लंडनला ठीक आहे. इथे जे हॉटेल स्वतःला सरसकट 'इंडियन' म्हणवतं ते कोणाचंच नसतं. मुंबईतली टिकलेली हॉटेलं आठवून बघा. घरापासून लांब आलेल्या कोणत्या तरी माणसांचं पोट भरायला ती निघाली होती. मद्रासकडून आलेला कारकून, रत्नागिरीचा गिरणी कामगार, काठियावाडचा व्यापारी, फाळणीत आलेलं पंजाबी कुटुंब. म्हणून मी कोणत्याही हॉटेलाबद्दल एवढंच विचारतो: हे कोणासाठी निघालं होतं, आणि ती माणसं अजून इथे जेवतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर डोळे मिटून बसा. त्या माणसांना घरची चव ठाऊक असते, मीठ चुकलं तरी ती गल्ल्यावर जाऊन सांगतात. तुम्ही-आम्ही फक्त दोन तारे कमी देतो.

लाल ग्रेव्हीचं म्हणाल तर त्यात काही गूढ नाही. पावणेदोनशे पदार्थांचं मेनूकार्ड असलेल्या हॉटेलात सकाळी अकरापर्यंत तीन-चार मोठी पातेली तयार होतात. टोमॅटो-काजूची लाल, उकडलेल्या कांद्याची आणि मगजबीची (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बियांची) पांढरी, तळलेल्या कांद्याची तपकिरी, कधी पालकाची हिरवी. ऑर्डर आली की एकातली पळीभर, दुसऱ्यातली अर्धी पळी, वरून क्रीम किंवा कसुरी मेथी, की झालं बारसं: मखनी, कढाई, कोल्हापुरी, हैदराबादी. 'व्हेज कोल्हापुरी'ची ओळख कोल्हापूरकरांना मुंबईत येऊन होते ती अशी. याला मी फसवणूक म्हणणार नाही. दहा मिनिटांत टेबलावर गरम भाजी हवी असेल तर हे असंच चालणार. काजू महागले की पांढऱ्या पातेल्यात मगजबी वाढते, एवढंच माझ्या लक्षात येतं, कारण माझी ऑर्डर बदलते.

पण पंजाबी जेवणच वाईट, असं समजू नका. १९४७ नंतर पंजाबी निर्वासितांची वसाहत सायन कोळीवाड्याला झाली, आता स्टेशनचं नाव गुरू तेगबहादूर नगर आहे. तिथे संध्याकाळी जा आणि तंदूरमधलं काहीतरी आणि डाळ मागवा. लाल ग्रेव्हीच्या वाटेला जायचं कारणच नाही. सिंध्यांचं तसंच. चेंबूर कॅम्पात रविवारी सकाळी दाल-पकवान खायला जी कुटुंबं येतात त्यांच्या आजी-आजोबांनी ते सिंधमध्ये खाल्लेलं होतं. सायनच्या गुरुकृपाचा छोले-समोसा तुम्ही कधीतरी सिनेमाच्या मध्यंतरात नकळत खाल्लाही असेल, कारण शहरातल्या बऱ्याच थिएटरांना समोसे तिथून जात आले आहेत.

आता आईंसाठी. पहिली सकाळ माटुंग्याला द्या, सेंट्रलच्या माटुंग्याला, पूर्वेकडे. तुम्हाला कांजूरमार्गहून स्लो लोकलने सरळ पडतं. रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. तिन्ही चालत चालत होतात. कॅफे मद्रासला नाव लिहून घेतात आणि बाहेर थांबावं लागतं, म्हणून साडेसातच्या आत पोचा. रसम इडली मागवा. रामाश्रयात अननसाचा शिरा असेल तर सोडू नका. दुपारी रामा नायक यांच्याकडे केळीच्या पानावर जेवण. तिथे कोणी तुमच्या मागे-पुढे करणार नाही. समोरच्या टेबलावर एकटा बसून शांतपणे रसम-भात कालवणारा एखादा म्हातारा असतो, त्याच्याकडे बघून तुमच्या आईंना हॉटेल कसं आहे ते न सांगता कळेल.

उडप्याच्या हॉटेलाची परीक्षा मी चटणीवर करतो. ओल्या नारळाची चटणी मे-जूनच्या उकाड्यात चार-पाच तासांत आंबायला लागते. ज्या हॉटेलाला चटणीची काळजी असते ते ती दिवसातून दोन-तीनदा वाटतं. अशा हॉटेलांकडे मला सकाळी सहाला आणि पुन्हा दुपारी तीनला नारळ टाकावे लागतात. ज्यांना काळजी नसते ते सकाळी एकदाच वाटतात, डाळं वाढवतात आणि संध्याकाळपर्यंत पाणी घालत नेतात. तुम्हाला वही बघायची गरज नाही. संध्याकाळी पाच वाजता जाऊन साधी इडली मागवा आणि चटणी जिभेच्या टोकावर ठेवा. किंचित आंबूस लागली, किंवा खोबऱ्याऐवजी डाळ्याचं पीठ लागलं, तर त्या हॉटेलात यापुढे सकाळीच जायचं किंवा जायचंच नाही.

दादरला आईंसाठी आस्वाद आणि प्रकाश पुरे. आस्वाद शिवसेना भवनासमोर, १९८६ पासून. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला, तेव्हापासून रांग वाढली. सोलापूरकरांना ती मिसळ गोडसर वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे थालीपीठ किंवा कोथिंबीर वडी घ्या. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. आईंची एकादशी त्या चार दिवसांत आली तरी काम होईल, फक्त वड्यात काय काय आहे ते विचारून घ्या, उपासाला कोणाला जिरं-कोथिंबीर चालते, कोणाला नाही. गुजराती थाळी खायची तर काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय, १९४५ चं, जिना चढून जायचं. तिथे 'बस' म्हटलेलं ऐकू येत नाही, हात ताटावर आडवा धरावा लागतो.

मुख्य अडचण बाबांची आहे. तुम्ही त्यांना बोलावलंय जुलैत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ससून डॉक आणि भाऊचा धक्का त्या काळात ओस पडलेले असतात. तरीही हॉटेलच्या कार्डावर पापलेट, सुरमई, रावस सगळे हजर! ते येतात कुठून? एक तर मे महिन्यात भरून ठेवलेल्या डीप फ्रीझरमधून. दुसरं, पूर्व किनाऱ्यावरून. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे आपल्या बोटी बंद असतात तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश काळ तिकडच्या चालू असतात, आणि बर्फात घातलेला माल गाड्या भरून इकडे येतो. खायला काही हरकत नाही. पण 'ताजा' म्हणून पापलेटचे पैसे मोजायचे आणि बाबांनी समुद्राच्या माशाबद्दलचं पहिलं मत त्यावर बनवायचं, हे मला पटत नाही.

पावसाळ्यात मालवणी हॉटेलाची परीक्षा सोपी होते. वेटरला विचारा, "आज काय ताजं आहे?" "साहेब, सगळं ताजं," असं उत्तर आलं की कोंबडी मागवा. "काका, आता बंदी आहे, सुरमई फ्रीझरची आहे, चिंबोऱ्या खाडीच्या आल्यात, त्या घ्या," असं म्हणणारा भेटला (चिंबोऱ्या म्हणजे खेकडे) तर त्याला बक्षीस द्या आणि त्याच हॉटेलात पुन्हा जा. आमच्याकडे पावसात घरीसुद्धा सुकंच खातात. सुका जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, कांद्यावर, सुक्या बोंबलाचं कालवण, खारा बांगडा भाजून. जुलैत ज्याच्या कार्डावर हे असतं तो मालवणी घरातल्या लोकांना जेवू घालतोय असं धरा. तुम्ही सोलापूरचे, शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेले. बाबांना भाकरीबरोबर सुकी चटणी-जवळा हा प्रकार परका वाटणार नाही. सुरमईच्या तुकडीपेक्षा तो त्यांना जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे. सोबत कोंबडी-वडे घ्या. वडे गरम आणि फुगलेले आले पाहिजेत. आधी तळून ठेवलेले असतील तर चामड्यासारखे ओढावे लागतात, ते परत पाठवा, लाजू नका.

बंदी नसताना, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन बोटी नीट लागल्या की, मी बोंबील मागवतो. पापलेट कोणालाही जमतं. बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच असतं. तो उभा चिरून, मधला काटा काढून, पाट्याखाली किंवा वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, म्हणजे पाणी निघतं. मग मीठ, हळद, आलं-लसूण, मसाला आणि वरून तांदळाचं पीठ किंवा रवा, पातळसा. नीट झाला तर बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. बोंबील शिळा असेल तर वास लपत नाही. दाबायला वेळ दिलेला नसेल तर तव्यावर पाणी सुटून तो मऊ पडतो, मग ते झाकायला रव्याचा जाड थर देतात. काट्याने तो थर बाजूला केलात की आत काय आहे ते दिसतं. एका प्लेटमध्ये माल, हात आणि नियत तिन्ही कळतात.

दुसरी परीक्षा सोलकढीची, आणि इथे माझा धंदा आहे म्हणून थोडं जास्त बोलतो. एका चांगल्या नारळाच्या दुधात चार-पाच वाट्या सोलकढी होते. दुपारी शंभर थाळ्या लावणारं हॉटेल माझ्याकडून दहा नारळ घेत असेल, आणि दुसऱ्या कोणाकडून घेत नसेल, तर उरलेली सोलकढी पावडरीतून येते. वाटीत ओळखायची तर रंग बघा. कोकमाच्या आगळाचा रंग नारळाच्या दुधात फिका गुलाबी येतो, जरा मातकटच म्हणा. लग्नातल्या शालूसारखा राणी रंग आला की बीट किंवा रंग. खरी सोलकढी जरा वेळ ठेवली की फुटल्यासारखी दिसते, खाली आगळ आणि वर दूध. ढवळून प्यायची असते. अर्धा तास ठेवूनही जी एकसारखी राहते तिच्यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना कोणी सांगत नाही: वार बघून जा. मराठी घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे दिवस. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी गणपती म्हणून बरेच जण टाळतात. ज्या हॉटेलाचं गिऱ्हाईक मराठी आहे तिथे गुरुवारी मासा कमी उठतो आणि शुक्रवारी नवा येतो. रविवारी गर्दी एवढी की आचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून बुधवार किंवा शुक्रवार, दुपारी साडेबारा ते दीड. हे मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी बहिणीसाठी स्थळ आलं होतं. पाहुण्यांना एका नावाजलेल्या फिश हॉटेलात नेलं. मालक माझा गिऱ्हाईक, म्हटलं आपला मान राहील. वार होता गुरुवार, वेळ रात्री दहाची. सुरमई आली ती दिसायला झकास, वरून लिंबू-कोथिंबीर, आणि आत लाकडाचा भुसा. पाहुणे भले, काही बोलले नाहीत, डाळ-भात खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "अरे, गुरुवारी रात्री कशाला आणलंस? फोन करायचास ना." लग्न ठरलं, तो भाग वेगळा. त्या भाऊजींना अजून सुरमई म्हटलं की हसू येतं.

फिश हॉटेलांच्या कार्डावर 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे मासा जेवढा मोठा तेवढा भाव. यात लाजायचं काही नाही. मासा आणून दाखवायला सांगा, भाव आधी ठरवा, मग होकार द्या. चांगलं हॉटेल स्वतःहून ट्रे घेऊन येतं. डोळे भरलेले, कल्ले लाल, बोटाने दाबलं की खड्डा राहत नाही, हे घरच्या बाजारात बघता तेच इथेही बघायचं.

दादर-लालबाग-परळमध्ये मालवणी आणि गोमंतक हॉटेलं एवढी का, हे बाबांना सांगायला तुमच्या कामी येईल. गिरण्यांच्या काळात गावाहून एकटे आलेले हजारो पुरुष चाळीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ म्हणजे कोणा बाईचं स्वयंपाकघर, महिन्याच्या बोलीवर. आमच्या दुकानाची जुनी खातेवही अशा बायकांच्या नावांनी भरलेली आहे. त्या सावकाराच्या व्याजात बुडत, म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. वडील सांगत, त्या वर्षी आमची पन्नासेक खाती बंद झाली, काही जणींनी उधारी फेडायला वेळ मागितला, वडिलांनी दिला. जेवणारेच गावाला गेले, खाणावळ कोणासाठी चालवायची? त्या चुलींची चव मात्र या भागातून गेली नाही, हॉटेलांच्या रूपाने राहिली. ज्या हॉटेलात 'राईस प्लेट' हा शब्द अजून जिवंत आहे आणि वाढणारा भात तुम्ही न मागता पुन्हा आणतो, तिथे खाणावळीचा वारसा आहे असं मी मानतो.

आणि नकाशा आता सरकलाय, हेही ध्यानात घ्या. गिरगावच्या चाळींतली माणसं डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं, तेव्हा निम्म्या गिरगावने हळहळ केली आणि जेवायला मात्र आधीच कोणी जात नव्हतं. ठाकूरद्वारच्या नाक्यावरचं विनय हेल्थ होम आहे, मिसळीला जा. पण आजची घरगुती मराठी थाळी शोधायची तर मी विलेपार्ले पूर्व, मुलुंड, ठाणे, डोंबिवली इथे आधी बघेन. सिंधी खाण्यासाठी उल्हासनगर. मुसलमानी जेवण मोहम्मद अली रोड-भेंडीबाजारला आहेच, नूर मोहम्मदीची नल्ली निहारी १९२३ पासूनची, पण मीरा रोडच्या नया नगरलाही आता तेवढीच गर्दी असते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतला बॉटल मसाला, बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला, वांद्रे आणि वसईत मिळतो. तो हॉटेलात फार कमी सापडतो, घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडेच मागवावा.

फोनवर शोधू नका असं मी म्हणत नाही, मीही शोधतो. फक्त 'बेस्ट रेस्टॉरंट' लिहू नका. पदार्थ आणि वस्ती लिहा: 'कोंबडी वडे लालबाग', 'अप्पम माटुंगा', आणि शक्य असेल तर त्या माणसांच्या भाषेत लिहा. ताऱ्यांची सरासरी सोडून द्या, दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. 'एसी नाही, अनोळखी माणसाशेजारी बसवलं, पंधरा मिनिटांत उठवलं,' ही तक्रार माझ्या लेखी शिफारस आहे. 'मागच्या महिन्यापासून चव बदलली,' असं तिघांनी लिहिलं असेल तर वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, सोडून गेलाय, थोडे महिने थांबा. पोट बिघडल्याचं दोघांनी लिहिलं की विषय संपला. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत ताटं बघा, माणसं बघा. सगळे फोटो एकाच कोनातून आणि धूर सोडणाऱ्या पेल्यांचे असतील तर ते पैसे देऊन काढून घेतलेले असतात. मेनूकार्डाचा फोटो मोठा करून पानं मोजा. चार पानांच्या वर गेलं की ती तीन पातेली आठवा.

दारात पोचल्यावर बघायच्या खुणा थोड्याच. हात धुवायच्या बेसिनचा वास. भिंतीवर किंवा बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर. तळलेल्या पदार्थाची कडा काळी पडलीय का, आणि खाल्ल्यावर घशाशी येतं का. २०१८ पासून नियम आहे की वापरून वापरून तेलात पोलर कंपाउंड पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायचं. फेकतो कोण, हे मला मागच्या दाराशी ठेवलेल्या डब्यांवरून कळतं, तुम्हाला घशावरून कळेल. आणि सगळ्यांत भरवशाची खूण: मालक दुपारी तीन वाजता स्वतः काय खातो? गल्ल्यावर बसून त्याच किचनची राईस प्लेट खाणाऱ्या मालकाचं हॉटेल मला अजून तरी वाईट लागलेलं नाही. घरून डबा येत असेल तर विचार करा. आचारी कुठला आहे याला महत्त्व देऊ नका. मालवणी हॉटेलात गढवालचा पोरगा माशाचं उत्तम तिखलं करतो, मी खाल्लंय. त्याच्या हातचं चाखून 'तिरफळं कमी झाली' असं सांगणारं कोणीतरी तिथे रोज असलं पाहिजे.

बिलाचं एका ओळीत: जीएसटी बहुतेक हॉटेलांत पाच टक्के, आणि सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगा.

आता तुमचे चार दिवस. पहिली सकाळ आणि दुपार माटुंगा, वर सांगितलं तसं. मधल्या वेळात किंग्ज सर्कलच्या बागेत बसा, नाहीतर दुसरं जेवण पोटात जाणार नाही. दुसऱ्या दिवशी फोर्ट. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, बेरी पुलावसाठी. पुलावात घालायची ती आंबट लाल फळं इराणची असतात. ते मुख्यतः दुपारचं हॉटेल आहे, बारालाच जाऊन बसा. आईंसाठी तिथे व्हेज पुलाव मिळतो, पण त्या मांसाहारी हॉटेलात जेवत नसतील तर आधी त्यांना काळबादेवीला जेवू घाला आणि मग बाबांना घेऊन जा, टॅक्सीला फार वेळ लागत नाही. येताना धोबीतलावच्या कयानीत चहा आणि ब्रून-मस्का, १९०४ चं दुकान, खुर्च्यांकडेही बघा. तिसरा दिवस बुधवार किंवा शुक्रवार पडेल असं बघा. दुपारी दादर किंवा लालबागला मालवणी, सुकं आणि चिंबोरी, आणि आई प्रकाशमध्ये. दोघांना एकाच हॉटेलात बसवायचा हट्ट धरू नका, दादरला ही दोन्ही जेवणं हाकेच्या अंतरावर आहेत. पाऊस मोठा असेल तर लोकलच्या भरवशावर न राहता चौथा दिवस मुलुंड-ठाण्यातच काढा.

सोमवारी माटुंग्याचा बेत करू नका, कॅफे मद्रास बंद असतं. आणि बाबांचं तिकीट ऑक्टोबरचं आणखी एक काढून ठेवा. ते आले की मला कळवा, त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर काय उतरलंय ते मी सकाळी सहाला सांगतो.